खासदारसाहेबांचा पहिला खटला

ब्रॅकनेलच्या लायब्ररीतल्या नोटीसबोर्डावर कार्ड होतं: जुनं हस्ताक्षर वाचता येईल अशी टायपिस्ट हवी, आठवड्यातून तीन सकाळी. मला इंग्लंडला येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. नागपूरला दोन वर्षं वकिली केलेली, इथे नवऱ्याच्या व्हिसावर 'डिपेन्डन्ट' म्हणून आलेली आणि दिवसभर रेडिएटरवर मोजे वाळत घालणारी बाई होते मी. फौजदारांनी घाईत लिहिलेले पंचनामे वाचून डोळे असे तयार झाले होते, की शाईत बुडालेली मुंगी कागदावरून चालत गेली असती तरी मी तिचा जबाब वाचून दाखवला असता. मी फोन केला.

कार्ड लावणारी बाई जवळच्या एका खेड्यात राहायची, बसने वीस मिनिटांवर. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठ ताठ, मूळची अमेरिकेच्या दक्षिणेतली. इंग्रज लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून तरुणपणीच इकडे आली आणि विधवा झाल्यावरही इथेच राहिली. तिच्या घरामागच्या काचेच्या खोलीत पुठ्ठ्याचे अकरा खोके होते. त्यांत तिच्या आजोबांची पत्रं, भाषणं आणि कात्रणं होती. तिची नजर अधू झाली होती. मोठ्या अक्षरांत छापलेलं तेवढं वाचता यायचं, आजोबांचं तिरकं अक्षर आता दिसत नव्हतं.

"माझे आजोबा फार मोठे गृहस्थ होते," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "गरिबीतून वर आले, वकील झाले, मग राज्याच्या विधिमंडळात आणि शेवटी वॉशिंग्टनला, संसदेत. वीस वर्षांहून जास्त. मी त्यांचं चरित्र लिहितेय. तू पत्रं टाइप करून दे, माय डिअर, पुढचं मी बघते."

पहिल्या तीन महिन्यांत मी त्या मोठ्या गृहस्थाची अख्खी कारकीर्द टाइप केली. इंग्रजीत एक गैरसोय अशी, की थोरामोठ्यालाही एकच 'ही' (he) आणि चोरालाही तोच. त्यामुळे बाईला माझं मत कधी कळलं नाही. घरी मराठीत मात्र दुसऱ्या दिवसापासूनच मी त्याला 'तो' म्हणायला लागले.

तो कुठल्या लॉ कॉलेजात गेला नव्हता. त्या काळी तिकडे एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसून पुस्तकं वाचली, की न्यायाधीश दोन प्रश्न विचारून सनद देत. ह्याला एकच विचारला, असं त्यानेच लिहून ठेवलंय, आणि तोही त्याच्या काकांच्या तब्येतीबद्दल. पुढे विधिमंडळ. तिथे मतदानाच्या अटी कडक करणाऱ्या कायद्याला त्याने जीव तोडून पाठिंबा दिला. काळ्या लोकांना यादीबाहेर कसं ठेवता येईल हे तो बायकोला पत्रात हसत हसत सांगायचा, आणि भाषणात त्यालाच 'मतदानाचं पावित्र्य' म्हणायचा. भाषणांची त्याची एक ठरलेली पाककृती होती: दर तिसऱ्या ओळीत इभ्रत, पाचव्या ओळीत आमच्या स्त्रिया आणि शेवटी देव. टाइप करताना माझ्या बोटांनाच कळायचं, आता देव येणार.

वॉशिंग्टनला गेल्यावर तर त्याच्या पत्रांत खुर्च्यांशिवाय काही उरलंच नाही. कोणत्या समितीत कितवी खुर्ची मिळाली, कोणी आधी हॅट काढली, कोणाच्या बायकोने आपल्याला डावलून दुसऱ्याला जेवायला बोलावलं. झुंडीने माणसं मारण्याविरुद्ध कायदा करायची गोष्ट निघाली, तेव्हा हा दोन तास विरोधात बोलला. त्याच दिवशीच्या पत्रात त्या भाषणावर एक ओळ आहे आणि जेवणातल्या कालवांवर अर्धं पान.

आशियातल्या लोकांना अमेरिकेत येऊ देऊ नये यावरही त्याचं एक छापील भाषण होतं. ते टाइप करताना मी जरा थांबले असेन, कारण बाई म्हणाली, "ते तुमच्याबद्दल नाही हं. चिनी-जपानी लोकांबद्दल आहे. तुम्ही लोक तर डॉक्टर, इंजिनियर!"

"त्यात 'हिंदूं'चाही, म्हणजे आम्हा भारतीयांचाही, उल्लेख आहे," मी म्हटलं. "बाराव्या पानावर."

"असेल. पण तेव्हा त्यांनी तुला पाहिलं नव्हतं ना," ती म्हणाली आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

मी बिस्किट घेतलं. खोटं कशाला सांगू? मला ते काम हवं होतं. सकाळी नीट कपडे करून बाहेर पडायला मिळत होतं.

त्या सगळ्या खोक्यांत बाईला प्राणापलीकडे जपावीशी वाटणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे आजोबांचा पहिला मोठा खटला. माझ्या देखत तिने ती फोनवर दोघांना आणि बागकामाला येणाऱ्या माणसाला सांगितली. आजोबा नुकतेच वकील झालेले. गावातल्या कापसाच्या जिनिंगला आग लागली. एका काळ्या मजुराला धरलं. गुन्ह्याला शिक्षा फाशीची. कोर्टाबाहेर गर्दी जमलेली, दोर घेऊन. कोणीही वकील उभा राहीना. तेव्हा हा तरुण पायऱ्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, आधी माझ्यावरून जावं लागेल. मग आत जाऊन त्याने त्या माणसाचा जीव वाचवला.

"लोक म्हणतात, जुने दक्षिणी राजकारणी सगळे वर्णद्वेषी," बाई शेवटी म्हणायची. "मग हे काय होतं?"

मलाही प्रश्न पडायचा. इतका हलका माणूस एकदा तरी इतका उंच कसा झाला असेल?

उत्तर नवव्या खोक्यात निघालं. तो लग्नाआधीच्या पत्रांचा गठ्ठा होता, निळ्या फितीने बांधलेला. बाईला त्यातून आजोबा-आजींच्या प्रेमावर एक प्रकरण लिहायचं होतं. एका मंगळवारी मी ती पत्रं लावायला घेतली. पहिल्या सातआठांत नुसता मध. मग ते पत्र आलं.

वाग्दत्त वधूला त्याने खटल्याची गंमत म्हणून लिहिलं होतं. न्यायाधीशाने हे काम आपल्या गळ्यात मारलं. अशिलाला आपण तुरुंगात एकदाच भेटलो, एक सिगार संपेपर्यंत. जिनिंगचा मालक म्हणजे जिल्ह्यातल्या पक्षाची सगळी सूत्रं ज्याच्या हातात तो माणूस. त्याने आपल्याला घरी बोलावून सांगितलं, की गुन्हा कबूल करून घे, फाशी टळेल, सगळ्यांची सोय होईल आणि पुढच्या निवडणुकीत गावाला एक तरुण उमेदवार लागणारच आहे. मधेच एक धोबीण ऑफिसच्या मागच्या दाराशी आली. म्हणाली, आग लागली तेव्हा तो माणूस माझ्या घराचं छप्पर शाकारत होता, मी कोर्टात शपथेवर सांगते. आपण तिला सांगितलं, की बाई, तू आपल्या टबाकडे जा. खटला जेवणाच्या सुट्टीआधी आटोपला. गर्दीचं म्हणाल तर पाऊस होता, बाहेर कोणीच नव्हतं.

पत्रात अशिलाचं नाव नाही. कुठे 'तो', कुठे 'आपला जिनिंगवाला'.

मी विदर्भातली. आमच्याकडे जिनिंग दर हंगामात पेटतं. कापसात खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आला, यंत्रात ठिणगी पडली, की झालं. शाळकरी पोरालाही ते माहीत असतं. कापसाच्या मुलुखात जन्मलेल्या या वकिलाला माहीत नव्हतं? एक प्रश्न विचारायचा होता त्याने, मालकाच्या फोरमनला: याआधी इथे किती वेळा आग लागली? एकच प्रश्न. आणि साक्षीदार तर चालत त्याच्या दारात आली होती. वकिलाला असं भाग्य दहा वर्षांत एकदा लाभतं.

गठ्ठ्यात पुढे, दीडेक वर्षानंतरचं आणखी एक पत्र होतं. तोवर तो विधिमंडळात गेला होता. त्यात शेवटी ताजा कलम: आपला जिनिंगवाला कैद्यांच्या सक्तमजुरीच्या छावणीत तापाने मेला. मी फाशीतून सोडवलं होतं, त्याने स्वतःच दुसरी वाट काढली, आता माझा काय इलाज?

मी दोन्ही पत्रं शब्दन् शब्द टाइप केली, बाईला दिसेल अशा मोठ्या अक्षरांत छापली आणि बाकीच्यांबरोबर ठेवून दिली. गुरुवारी गेले तेव्हा विचारलं, "मंगळवारची पत्रं वाचलीत का?"

"वाचली," ती म्हणाली. "किती गोड लिहायचे ना ते आजीला!"

ती खिडकीतून बागेकडे बघत होती. मला वाटलं, बिचारीने काही पानं गाळली असतील. डोळे अधू आहेत, वय झालंय.

त्याच रविवारी दुपारी खेड्यातल्या सभागृहात स्थानिक इतिहास मंडळापुढे तिचं भाषण होतं. विषय आजोबा. लॅपटॉपवर फोटो पुढे सरकवायचं काम माझ्याकडे. तीसेक म्हातारे-म्हाताऱ्या, मागे चहाची भांडी, भिंतीवर टॅलेन्ट शोचं पोस्टर. माझा नवरा गाडीने सोडायला आला होता, तो शेवटच्या रांगेत बसला. बाई छान बोलली. मग मोत्यांची माळ चाचपत तिने तो खटला सांगितला. गर्दी होती, दोर होता, पायऱ्या होत्या. मी कळ दाबली आणि पडद्यावर तो आला, जाकिटाच्या खिशात अंगठा खोचलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग प्रश्न. एका निवृत्त शाळामास्तराने हात वर केला. "त्या कैद्याचं पुढे काय झालं?"

"त्याने शिक्षा भोगली," बाई म्हणाली, "आणि माझ्या माहितीप्रमाणे आपल्या माणसांत शांतपणे आयुष्य काढलं."

"नाही," मी म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. माझं इंग्रजी तेव्हा कापरं होतं, पण कोर्टात उभं राहायची सवय पायांना होती. मी उठून उभी राहिले. "तो दीड वर्षात छावणीत मेला. आणि त्याच्या बाजूची एक साक्षीदार होती. तिला या वकिलाने परत पाठवलं. ते त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. मी टाइप केलंय."

कोणाच्या तरी कानातलं श्रवणयंत्र बारीक शिट्टी वाजवत होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, हात चोळले आणि म्हणाले, "फारच उद्बोधक. मला वाटतं, चहा तयार आहे."

आणि सगळे उठले! प्रश्न विचारणारा मास्तरसुद्धा. केक कोणी केलाय याची चौकशी सुरू झाली. एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुझं खरं असेलही, पण वेळ जरा चुकली, नाही का?" एका निरपराध माणसाच्या मरणाला त्या खोलीत वेळ नव्हती. लिंबाच्या केकला होती.

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "तू म्हातारीचा सगळ्यांसमोर पोपट केलास."

"मग काय टाळ्या वाजवायला हव्या होत्या?"

"शंभर वर्षांपूर्वीचा माणूस तो. तुझं काय घोडं मारलंय त्याने?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती तरी सांगितलं नव्हतं. नागपूरला माझे जे सिनियर होते, त्यांच्याकडे एका सूतगिरणीच्या वॉचमनची केस होती. चोरीचा आळ. समोरचा चहाटपरीवाला सांगत होता, की त्या वेळी तो माझ्याकडे बसला होता. मी स्वतः त्याचं म्हणणं लिहून घेतलं होतं. सुनावणीच्या सकाळी सिनियर म्हणाले, "याला बोलवायची गरज नाही." मी विचारलं, "का, सर?" ते म्हणाले, "तू फाइल धर." गिरणीचे चेअरमन तेव्हा तिकिटं वाटणाऱ्यांपैकी होते. मी फाइल धरली. वॉचमन आत गेला. पुढे सर आमदार झाले आणि सत्काराच्या रांगेत मी गुच्छ घेऊन उभी होते. पाया पडले त्यांच्या.

नवरा एका राउंडअबाउटला दोनदा फिरला. मग म्हणाला, "टपरीवाला पुढे भेटला का कधी?"

"रोज भेटायचा. चहाचे पैसे घ्यायचा नाही. 'मॅडम, तुम्ही तरी लिहून घेतलं होतं,' म्हणायचा."

मंगळवारी मी कामावर गेले. मला वाटलं होतं, दार उघडणार नाही. उघडलं. काचेच्या खोलीत नवव्या खोक्याचं झाकण लागलेलं होतं आणि निळ्या फितीचा गठ्ठा बाईच्या मांडीवर होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ते पत्र. सोळा वर्षांची असताना वाचलं होतं. आजीच्या कपाटात. तेव्हा माझे डोळे चांगले होते."

मी उभीच राहिले. "मग पायऱ्या? तो दोर?"

"ते आजोबा स्वतः सांगायचे. नाताळला, जेवणानंतर. आम्हा मुलांना फार आवडायचं."

"आणि तुम्ही साठ वर्षं तेच सांगताय. माहीत असून."

"प्रत्येक घराला काहीतरी सांगायला लागतं, माय डिअर." आवाजात शरम नव्हती, नुसता थकवा होता. "ते पत्र या गठ्ठ्यात कुठेतरी असेल, हे मला ठाऊक होतं. पण मला ते शोधता येत नव्हतं. आणि मला वाटलं, तू टाइप करशील, म्हणजे मोठ्या अक्षरांत मला ते सापडेल. टाइप करणारी माणसं वाचत नाहीत."

तोवर मला त्या बाईची थोडी कीव येत असे. ती त्या क्षणी संपली. आजोबा निदान स्वतःच्या खुर्चीसाठी खोटं बोलला. हिला तर काहीच मिळायचं नव्हतं. बागकामवाल्याचं कौतुक आणि मोत्यांच्या माळेला शोभेल असा एक पूर्वज, एवढ्यासाठी हिने एक मेलेला माणूस साठ वर्षं जिवंत ठेवला, 'आपल्या माणसांत शांतपणे'.

"ते पत्र बाकीच्यांबरोबर राहू द्या," मी म्हणाले. "सगळे कागद तुम्ही तिकडच्या विद्यापीठाला देणार आहात ना? हेही द्या. पुस्तकात काय हवं ते लिहा."

"ते माझं पत्र आहे," ती म्हणाली. दोन्ही पत्रं तिने आधीच काढून घेतली होती. माझी छापलेली पानंही. कॉम्प्युटर तिचा, फाइल तिने बागकामवाल्याकडून पुसून घेतली होती.

आणि मी, सनद असलेली वकील, एक झेरॉक्स काढून ठेवली नव्हती. पोस्ट ऑफिसात मशीन होतं, बसथांब्याला लागूनच. इतरांना नावं ठेवता ठेवता ही गोष्ट मी स्वतःलाही सांगत असते.

पुन्हा त्या घरी गेले नाही. दीड वर्षाने पुस्तक आलं, खासगी छापलेलं, गुळगुळीत कागद. का पाठवलं कोण जाणे. खटल्याला अडीच पानं होती. पायऱ्या होत्या, दोर होता, आणि आता तर वीजही चमकत होती. कैद्याबद्दल शेवटचं वाक्य असं: तो आपल्या वकिलाचा आजन्म ऋणी राहिला.

मी तोवर इथली वकिलीची परीक्षा दिली होती आणि स्लाऊला एका लहान ऑफिसात लागले होते. व्हिसा, घरमालकांची भांडणं, असली कामं. त्या शनिवारी मी ऑफिसातच बसले आणि प्रतिज्ञापत्र लिहितात तसं दोन पानांचं निवेदन लिहिलं: पत्रात काय होतं, कोणत्या शब्दांत, कोणत्या कागदावर, मी ते केव्हा वाचलं. आठवत नव्हतं तिथे 'आठवत नाही' असंच लिहिलं. सही केली आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पाठवलं.

दोन महिन्यांनी तिथल्या ग्रंथपालबाईंचं उत्तर आलं. कागद त्यांच्याकडे पोचले होते. पत्रांवर पेन्सिलीने क्रमांक घातलेले आहेत, ते कोणाच्या हातचे, असं त्यांनी विचारलं होतं, कारण निळ्या फितीच्या गठ्ठ्यात मधले दोन क्रमांक गायब आहेत. ते क्रमांक मीच घातले होते. माझं निवेदन त्यांनी त्या जागी लावलंय, जो कोणी गठ्ठा उघडेल त्याच्या हाती ते येईल, असं त्यांनी लिहिलं. कैद्याचं नाव कोर्टाच्या रजिस्टरात मिळतं का तेही शोधतोय, पण त्या वर्षाचं रजिस्टर ओलीने खराब झालंय.

खाली आणखी एक ओळ होती. ज्या गावात तो खटला चालला, तिथल्या नव्या कोर्टाच्या इमारतीला खासदारसाहेबांचंच नाव आहे, तुम्हाला कदाचित माहीत नसेल.

मी आभाराचं दोन ओळींचं पत्र पाठवलं. तिसरी ओळ मनात होती, पण ती मराठीतच होती आणि ग्रंथालयाच्या फाइलीत लावण्याजोगी नव्हती.